चाळीस अंश पुढे

मी एक जुना ओव्हन आहे. हल्लीच्या ओव्हनसारखे मला दिवे-बिवे लागत नाहीत, काम झाले की मी गाणे वाजवत नाही, आणि किती वेळ उरला हेही मला सांगता येत नाही. मला एक दार आहे, दाराला काच आहे, आत दोन जाळ्या आहेत आणि पुढे एक फिरवायचे बटण आहे. बटणावर पन्नासपासून अडीचशेपर्यंत आकडे आहेत. मित्रांनो, माझी सगळी गोष्ट त्या बटणाची आहे. बाकी माझ्यात सांगण्यासारखे फारसे नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. एका टोकाला पत्रा वाकवत, मधे बायका काचा बसवत, आणि शेवटच्या टेबलापाशी चष्मा लावलेला एक तपासनीस बसलेला असे. त्याने माझे बटण दोनशेवर नेले, आत तापमापक ठेवला, वाट पाहिली आणि पुन्हा वाट पाहिली. तापमापकातही दोनशे आले तेव्हा त्याने माझ्या पाठीवर 'तपासले' अशी गोल चिठ्ठी चिकटवली. त्या दिवशी मी अगदी खरा होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण हे भाग्य मला जेमतेम दोन महिने लाभले.

मला एका घड्याळजीने विकत घेतले. त्याचे दुकान रस्त्यालगत होते आणि घर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघर लहान होते. मोरी आणि फडताळ यांच्यामध्ये जेवढी जागा उरली होती, तेवढीच माझी. घरात घड्याळजी, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी अशी तीन माणसे होती. मुलगी एका जागी ठरत नसे, म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. तिच्या आईला मीही आईच म्हणणार आहे, कारण त्या घरात मी तिला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली फारशी ऐकली नाही.

दुसऱ्याच महिन्यात आईने भरलेला कुकर ओट्यावरून सरकवला आणि तो थेट माझ्या बटणावर आपटला. बटण निखळून खाली पडले. बटणाच्या आत एक खाच असते. ती माझ्या आतून बाहेर आलेल्या दांड्यावर एकाच तऱ्हेने बसते, त्यामुळे आकडा चुकायची सोय नसते. ती खाचच तुटली होती.

"कंपनीच्या माणसाला बोलवू या," आई म्हणाली.

"मी अख्ख्या गावाची घड्याळं उघडतो, आणि घरातल्या बटणाला माणूस बोलावू?" घड्याळजी म्हणाला.

त्याने डोळ्याला भिंग लावले, दांड्याला डिंकासारखे काहीतरी चिकट लावले आणि अंदाजाने बटण बसवून टाकले. हात सफाईचा होता. बटण असे घट्ट बसले की आजतागायत हललेले नाही. फक्त ते चाळीस अंशांनी चुकीचे बसले. बटणावर एकशे साठ दिसत तेव्हा माझ्या पोटात दोनशे असत. दुसऱ्यांची अर्ध्या मिनिटाची चूक पकडणाऱ्या माणसाच्या घरात ही चूक राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता माझ्या कामाविषयी सांगतो. मी भाज्या भाजल्या, बिस्किटे केली, एकदा भिंगरीचे ओले बूटही वाळवले. पण माझे नाव झाले ते एका पदार्थामुळे. त्याचे खरे नाव खिम्याचा पाय; हा 'पाय' इंग्रजी, म्हणजे वर पापुद्रे घालून भाजलेला पदार्थ. हे नाव पहिल्यांदा ऐकले तेव्हा भिंगरीने टेबलाखाली वाकून खिम्याचे उरलेले तीन पाय शोधले होते. तेव्हापासून घरात त्याला 'झाकण' म्हणू लागले, कारण वर पापुद्र्यांचे झाकण असते.

आई वरचे पापुद्रे घरी करत नसे. ती सरळ दुकानातून गोठवलेल्या पेस्ट्रीचे, म्हणजे लोणी घालून लाटलेल्या पापुद्र्यांच्या कणकेचे, पाकीट आणी. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी एकदा नाक मुरडून "विकतचं?" असे विचारले. आई म्हणाली, "खिमा माझा आहे ना? मग झाकण कुणाचं का असेना." मला हे उत्तर आवडले. नुसती कणीक लाटण्यात ज्यांचा दिवस जातो त्यांच्याविषयी मला आदर आहे, पण आईला संध्याकाळी खाली दुकानात बसून पट्टे आणि सेल विकायचे असत.

खिमा मात्र ती जीव ओतून करी. आधी कांदा, मंद आचेवर, पार तांबूस होईपर्यंत. मग आले-लसूण, मग खिमा, आणि तो गुठळ्या न होऊ देता सतत मोकळा करणे. मिरी, लवंग, दालचिनी आणि जिरे ती ताजे कुटी. जायफळ शेवटी, तेही चिमूटभर, कारण जास्त झाले तर औषधासारखे लागते. एक उकडलेला बटाटा कुस्करून घाली, म्हणजे रस बांधून राहतो. मग ती पातेले खिडकीत ठेवी आणि सारण पूर्ण गार होईपर्यंत त्याकडे ढुंकून पाहत नसे. गरम सारणावर पेस्ट्री घातली की तिच्यातले लोणी जागच्या जागी वितळते आणि सगळ्याचा लगदा होतो. पेस्ट्री थंड हवी आणि मी कडक तापलेला हवा. थंडगार पापुद्रा एकदम आगीत गेला की दचकून फुगतो. मी कोमट असलो तर तो फुगत नाही, नुसता तेलकट होऊन बसतो. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा.

पाकिटावर दोनशे अंश छापलेले होते. आईने पहिली दोन झाकणे दोनशेवर भाजली आणि दोन्ही कोळसा झाली, कारण बटणावरचे दोनशे म्हणजे माझे दोनशे चाळीस. तिने आधी कधी ओव्हन वापरला नव्हता, तेव्हा तिला माझा संशय आला नाही. तिला पाकिटाचा संशय आला. ती आकडा खाली खाली आणत गेली आणि एकशे साठवर थांबली. तिसरे झाकण सोनेरी झाले. तिने वहीत लिहिले, 'एकशे साठ, चाळीस मिनिटे.' आणि खाली दोन रेघा मारून लिहिले, 'पाकिटावरचे वाचू नये. ते काही खरे नसते.'

त्यानंतर वर्षानुवर्षे माझी आणि तिची जोडी जमली. झाकण जिन्यावर वाटीतून वर जाई आणि रिकामी वाटी स्तुती घेऊन खाली येई. शिक्षिकाबाई तर विकतच्या पेस्ट्रीला नाक मुरडायचे विसरून गेल्या. सगळे म्हणत, हिच्या हाताला चव आहे. चव होतीच. पण फुगण्यात माझाही वाटा होता आणि माझी चूक कुणालाच माहीत नव्हती.

कुणालाच नाही, असे म्हणणे खरे नाही. भिंगरी सहावीत होती तेव्हा एका दुपारी घड्याळजी एकटाच घरी आला. एका गिऱ्हाइकाच्या घड्याळात पाणी गेले होते. त्याने घड्याळ माझ्या आत ठेवले आणि बटण पन्नासवर नेले. मंद उबेत वाळेल असा त्याचा हिशेब होता. थोड्या वेळाने दार उघडले तर घड्याळाची प्लॅस्टिकची काच वाकून गेलेली. त्याने खालून तापमापक आणला, आत ठेवला आणि नव्वद पाहिले. मग त्याने बटणाकडे पाहिले. तो तेथे बराच वेळ उभा होता. शेवटी त्याने तापमापक खिशात घातला, घड्याळाला पदरची नवी काच बसवली आणि कुणाला काही सांगितले नाही. झाकण उत्तम होतच होते, मग बोभाटा कशाला, असे त्याला वाटले असावे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मलाही तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. चूक एका घरात राहिली तर ती त्या घराची सवय होते. ती घराबाहेर गेली की मग तिला पाय फुटतात.

भिंगरी मोठी झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. तिने नवा कोरा ओव्हन घेतला. आईने तिला वही उतरवून दिली, शब्दन् शब्द, दोन रेघांसकट. भिंगरीनेही आईचे ऐकले. पाकिटावरचे वाचले नाही. बटण एकशे साठवर ठेवले, आणि तिचा ओव्हन खरा असल्यामुळे तो एकशे साठच तापला.

पहिले झाकण पांढरे राहिले. दुसरे बुडाशी ओले. तिसऱ्या वेळी घरी पाहुणे होते आणि त्यांनी खिमा खाऊन पापुद्रे बशीच्या कडेला लावून ठेवले. ती फोन करी आणि आई पुन्हा तेच सांगे, कारण आईला तेच माहीत होते. सहाव्या वेळी भिंगरी झालेले झाकण डब्यात भरून एका रविवारी इथे घेऊन आली आणि तिने तो डबा माझ्यासमोरच्या टेबलावर उघडला.

आईने बोटाने दाबून पाहिले. "बुडाशी ओलं राहिलंय."

"ते मलाही दिसतंय."

"सारण गार केलं होतंस?"

"सगळं वहीत आहे तसंच केलंय, आई. माझ्या ओव्हनमध्येच काहीतरी असेल."

"नाचता येईना अंगण वाकडं," आई म्हणाली. ती हे चेष्टेने म्हणाली. अंगण खरोखरच वाकडे होते, फक्त ते भिंगरीच्या घरातले नव्हते.

भिंगरीला ते लागले. "मग तू काहीतरी लिहिलेलंच नाहीस," ती म्हणाली. "ऑफिसमधल्या बायका म्हणतातच. आया एक गोष्ट हातची राखून ठेवतात, म्हणजे सगळे जन्मभर त्यांच्याच दाराशी येतात."

आईच्या हातात कांदा होता. तिने तो खाली ठेवला. "मी राखून ठेवलं? तुझ्यापासून?"

घड्याळजी वर्तमानपत्र घेऊन दारात उभा होता. त्याने सगळे ऐकले होते. माझ्या बटणाकडे त्याची नजर गेली, हे मी पाहिले. एक वाक्य पुरले असते. तो वळून बाहेरच्या खोलीत गेला.

मित्रांनो, त्यानंतर चार वर्षे त्या घरात झाकण झाले नाही. भिंगरी येई, चहा घेई, हवापाण्याच्या गोष्टी बोले आणि जाई. भांडण म्हणावे असे काही नव्हते. पण पूर्वी ती आल्याबरोबर स्वयंपाकघरात शिरून पातेल्यांची झाकणे उघडून पाही, ते तिने सोडले. ती बाहेरच बसे आणि चहा तिला बाहेर नेऊन द्यावा लागे. आई तो नेऊन देई आणि परत येऊन ओट्याशी उगाच काहीतरी पुसत राही.

माझे कपाट झाले. आधी माझ्यात एक तवा आला, मग दुसरा, मग घडी घातलेल्या पिशव्या, मग दांडा तुटलेले एक भांडे. काचेवर धूळ बसली. मला त्याचे फार वाईट वाटले असे म्हणणार नाही. मी पत्र्याचा आहे, मला वाट पाहणे जड जात नाही. पण घड्याळजी माझ्यासमोरून पाणी प्यायला जाई तेव्हा तो दुसरीकडे पाही, हे माझ्या लक्षात येत असे.

मग आई जिन्यात घसरली. उजव्या मनगटाला प्लास्टर आले. भिंगरी आठवड्याची रजा काढून राहायला आली. दोन दिवस तिने वरण-भात, पोळी-भाजी केली. आई स्टुलावर बसून पाहत राहिली आणि दोघी मीठ किती, पाणी किती एवढेच बोलल्या.

तिसऱ्या दिवशी आई म्हणाली, "फ्रीजरमध्ये पाकीट आहे."

भिंगरीने पाहिले. "हे चार वर्षांपूर्वीचं?"

"नाही. तारीख उलटली की मी नवं आणते."

भिंगरी ते पाकीट हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "ठीक आहे. तुझ्यासमोर करते. वहीत आहे तसंच. काय ते एकदाचं दिसेल."

पणाला काय लागले होते हे त्या दोघींनाही ठाऊक होते. झाकण बिघडले तर आईची वही खोटी ठरणार होती. झाकण जमले तर भिंगरीने चार वर्षे आईवर उगाच आळ घेतला असे होणार होते. तिसरी शक्यता मला ठाऊक होती, आणि घड्याळजीला.

तिने माझ्यातले तवे काढले, पिशव्या काढल्या, मला आतून पुसले. तिने कांदा तांबूस केला, मसाला कुटला, खिमा मोकळा केला आणि पातेले खिडकीत ठेवून दोन तास त्याला हात लावला नाही. मी इतकी वर्षे हे काम पाहिले आहे आणि सांगतो, तिने कुठेही घाई केली नाही. मग तिने माझे बटण एकशे साठवर नेले. मी तापलो. आधी धुळीचा करपट वास आला, मग तो गेला. मधेच बंद पडावे असे मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटले. पण ओव्हनला तापणे तेवढे येते.

चाळीस मिनिटांनी तिने दार उघडले. झाकण सोनेरी होते, चांगले तीन बोटे फुगलेले.

कुणी आनंदले नाही. भिंगरीने भांडे टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसली. "म्हणजे माझाच हात वाईट," ती म्हणाली. "आणि मी चार वर्षं तुझ्यावर..."

"वाईट कसा?" आई म्हणाली. "आत्ता तूच केलंस ना?"

"इथे झालं. माझ्याकडे होत नाही. सातव्यांदा करून बघायची माझी हिंमत नाही आता."

घड्याळजी टेबलाशी बसला होता. त्याने चष्मा काढला. "बटण चुकीचं बसलंय," तो म्हणाला. दोघींना कळले नाही, म्हणून त्याने पुन्हा सांगितले. "ओव्हनचं. मीच बसवलं होतं. तो चाळीस अंशांनी पुढे आहे. एकशे साठ दाखवतो आणि दोनशे तापतो. वहीतला आकडा फक्त याच ओव्हनचा आहे."

भिंगरी उठली आणि तिने कचऱ्याच्या डब्यातून रिकामे पाकीट काढले. उलटे करून वाचले. "दोनशे लिहिलंय," ती म्हणाली. "मी कधी वाचलंच नाही. आईने सांगितलं होतं वाचू नको."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" आईने विचारले.

"ही सहावीत होती तेव्हापासून."

"आणि ती डबा घेऊन आली होती त्या दिवशी?"

"तेव्हाही माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत, अहो?"

घड्याळजीने चष्मा टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "रस्त्यावरचे लोक माझ्या दुकानात बघून आपली घड्याळं लावतात," तो म्हणाला. "लाज वाटली. म्हटलं उद्या सांगू. मग जितके दिवस गेले तितकं सांगणं जड होत गेलं."

झाकण निवत होते. आई तिकडे पाहतही नव्हती, ती मुलीकडे पाहत होती.

"मला वाटायचं, तू घाई करतेस," आई म्हणाली. "लहानपणापासून तुझा पाय एका जागी ठरत नाही. सारण गरम असतानाच घालत असशील, आणि मला खोटं सांगत असशील. मी कुणाला बोलले नाही. पण चार वर्षं मनात तेच धरून बसले होते."

"मी घाई केली नव्हती."

"आज पाहिलं ना मी."

भिंगरीच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ते पुसले नाही, आईच्या ताटात झाकणाचा तुकडा वाढला आणि डाव्या हाताने खाता यावे म्हणून त्याचे लहान लहान तुकडे केले. घड्याळजी उठून पेचकस शोधू लागला, तेव्हा आई म्हणाली, "बसा. आता त्याला हात लावायचा नाही." पुढे आठवडाभर ती त्याच्याशी कामापुरतेच बोलली. मला वाटते, तेवढे योग्यच होते.

माझे बटण आजही तसेच आहे. त्याच्या वर भिंगरीने एक चिठ्ठी चिकटवली आहे, 'दिसेल त्यात चाळीस मिळवा.' त्यामुळे मी चुकीचा असलो तरी आता लबाड नाही.

पुढच्या रविवारी भिंगरीचा फोन आला. आईच्या हाताला अजून प्लास्टर होते, म्हणून तिने फोन ओट्यावर ठेवून स्पीकर लावला. भिंगरी म्हणाली, "आई, ऐक," आणि मग काहीच बोलली नाही. पलीकडून सुरीने कडक पापुद्रा मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मला चांगला ठाऊक आहे. इतकी वर्षे तो माझ्याच झाकणांचा असे. हे झाकण दुसऱ्या ओव्हनमध्ये झाले होते, आणि मला थोडा मत्सर वाटला, हे लपवत नाही. आई ओट्याला टेकून उभी होती. "पुन्हा मोड," ती म्हणाली.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसा, आमच्यात तवे कोंबू नका, हे तर मी सांगेनच. पण आमच्यात काही चुकत असेल आणि ते तुम्हाला कळले असेल, तर त्याच दिवशी घरातल्यांना सांगा. लाज वाटली तरी सांगा. जेवणे खोळंबली तरी चालतील.